मूल नाही, मृत्युपत्र नाही, आणि वकील कुठला धरायचा?

चिंचेचं_झाड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज दुपारी घरात कोणी नाही म्हणून बसलेय. मी ५४, नवरा ५९, कोथरूडला राहतो, मूलबाळ नाही. फ्लॅट एकट्या माझ्या नावावर आहे, कर्जही माझ्याच पगारातून फेडलं. नवऱ्याचा वाईजवळ गावाकडच्या जमिनीत हिस्सा आहे, म्हणजे आहे असं सगळे म्हणतात, सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचंच नाव आहे. बाकी एफड्या, थोडे म्युच्युअल फंड, माझा पीएफ.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका दिवाळीनंतर अचानक गेले आणि काकू तेव्हापासून बँका आणि सोसायटीत खेटे घालतायत ते रोज बघतेय, त्यामुळे मी हे मनावर घेतलं. एका वकिलांकडे गेलो होतो, ओळखीतून. त्यांनी दहा मिनिटांत कॉम्प्युटरवरून दोन पानं काढून दिली. घरी येऊन वाचलं तर तिसऱ्या परिच्छेदात कुठल्यातरी मुळशी तालुक्यातल्या गावची गटनंबरसकट जमीन मी माझ्या 'थोरल्या चिरंजीवास' दिली होती! हसावं का रडावं. पैसे मात्र आधीच घेतले होते.

तर प्रश्न दोन. एक, आम्हा दोघांनाच सगळं एकमेकांना द्यायचंय, आणि नंतर माझ्या धाकट्या बहिणीला, मग मृत्युपत्राची खरंच गरज आहे का, सगळीकडे नॉमिनी लावलेत. दोन, या कामाला चांगला वकील पुण्यात शोधायचा कसा?

एसटीचं_तिकीट
थोरल्या चिरंजीवांना अभिनंदन कळवा. 😀
चेष्टा सोडा, मी पण वाचतोय, आमचंही सगळं रामभरोसे आहे.

दुपारचा_चहा
ताई, नॉमिनी लावलाय म्हणजे झालं हे डोक्यातून पहिलं काढा. माझ्या मावशीकडे हेच झालं. काकांनी एफडीला धाकट्या मुलाला नॉमिनी केलं होतं कारण तो जवळ राहायचा आणि बँकेत तोच घेऊन जायचा, बाकी काही मनात नव्हतं. बँकेने पैसे त्याच्याच हातात दिले, त्याने ठेवून घेतले, थोरला म्हणाला मला अर्धे, हा म्हणाला बाबांनी मला दिलेत, आज सहा वर्षं झाली दोघं गणपतीला पण एका घरात नसतात. मावशी मध्ये. ज्यांचा हक्क त्यांना द्यायला नॉमिनी नुसता पैसे स्वीकारतो, मालक होत नाही, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

काळा_कोट
वर बरोबर लिहिलंय. सुप्रीम कोर्टाने एलआयसीच्या बाबतीत हे १९८४ सालीच सांगितलं, सरबती देवीच्या केसमध्ये. शेअर्सच्या बाबतीत बरीच वर्षं लोक वेगळं समजत होते, तेही १४ डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालाने मिटलं. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, पण चार लावा नाहीतर एक, मालकी त्याने ठरत नाही. सोसायटीतही तेच, २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, वारसा ठरेपर्यंत.

पण ताई तुमच्या पोस्टमध्ये त्याहून मोठी गोष्ट आहे आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. फ्लॅट तुमचा, तुमच्या पगाराचा. समजा मृत्युपत्र केलंच नाही आणि देव न करो तुमचे मिस्टर आधी गेले, मग तुम्ही. मूल नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम १५. तुमच्या फ्लॅटवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा. म्हणजे दीर, नणंद, ते नसतील तर त्यांची मुलं. तुमचे आईवडील त्यांच्यानंतर, आणि बहीण तर आईवडिलांच्याही मागे. आईवडिलांकडून वारशाने आलेलं काही असेल तर तेवढं मूल नसताना माहेरी परत जातं, स्वतः कमावलेलं नाही.

चिंचेचं_झाड
काय????
माझे दीर आणि आम्ही पंधरा वर्षं बोलत नाही हो. आणि बहिणीने माझ्या दोन्ही ऑपरेशनला रजा टाकून महिना महिना केलंय. हे खरंच असं आहे?

काळा_कोट
खरंच असं आहे. २००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण निकाल आहे. बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी राहून शिकली, नोकरी केली, पैसे साठवले. मृत्युपत्र न करता गेली. आईने दावा लावला आणि हरली, सगळं त्याच सासरकडे गेलं. कोर्टाला वाईट वाटलं तरी कायद्यात दुसरं काही बसत नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत बायकांना, विशेषतः हिंदू बायकांना, मृत्युपत्र करून ठेवा म्हणून आवाहन केलं ते याच कलमामुळे.

एसटीचं_तिकीट
बायकोला हा धागा दाखवला. ती म्हणाली आधी मीच करते. आता मला भीती वाटतेय.

निवृत्त_लिपिक
नमस्कार. मी दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदणीच्या ऑफिसात, नोकरी केलेला माणूस, तेव्हा वकील नाही पण कागद पुष्कळ पाहिले. काही गैरसमज दूर करतो. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलं, आपल्या भाषेतलं चालतं, किंबहुना ज्याचं आहे त्याला वाचता येईल अशाच भाषेत असावं. दोन साक्षीदार हवेत आणि तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं किंवा सही माझीच असं तुम्ही त्यांच्यासमोर कबूल केलेलं असावं, त्यांच्या सह्या तुमच्यासमोर. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम ६३ ते हेच. नोटरी केलं म्हणजे पक्कं झालं असं लोक धरून चालतात, तो शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी ऐच्छिक आहे, पण मी करा म्हणेन. फी १०० रुपये आणि पानांचे हाताळणी शुल्क. फोटो आणि अंगठे होतात, त्यामुळे पुढे 'ही सही आईची नाहीच' म्हणणाऱ्याची पंचाईत होते. माणूस अंथरुणावर असेल तर अर्ज करून अधिकारी घरीही येतात. आणि एक, तुम्ही हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त तुम्हालाच मिळते, भावकीतला कोणी येऊन काढू शकत नाही. कोणालाच मजकूर कळू द्यायचा नसेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे, फार थोडे लोक वापरतात.

साक्षीदार वयाने लहान निवडा. माझ्या पाहण्यात एका गृहस्थांनी क्लबातले दोन समवयस्क मित्र घेतले, तिघांत शेवटी राहिले कोण तर ज्यांचं मृत्युपत्र तेच.

दुपारचा_चहा
हाहा काका. पण खरंय, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, म्हणजे ताई बहिणीची सही नको. बहिणीच्या मिस्टरांचीही नको.

जर्सीवाली
इकडे न्यू जर्सीत आम्ही हे सगळं मुलं लहान असताना केलं कारण इथे पहिला प्रश्न पैशाचा नव्हताच, आम्हा दोघांना गाडीत काही झालं तर मुलं कोणाकडे जाणार, भारतात आजीकडे का इथल्या मैत्रिणीकडे, ते विलमध्ये लिहायला लागतं नाहीतर जज ठरवणार. वकील आम्हाला काउंटी बार असोसिएशनच्या रेफरलमधून मिळाली, छान बाई होती.

पण एक घोळ झाला तो सांगते कारण इथे बाहेरचे बरेच जण वाचतात. माझं पुण्यात आईने दिलेलं एक छोटं घर आहे, त्याचं मी पुण्यातच आधी मृत्युपत्र केलं होतं. अमेरिकेतल्या विलमध्ये पहिल्याच ओळीत 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' असं छापील वाक्य असतं, आम्ही सह्या करून मोकळे. दोन वर्षांनी चुलतभावाने विचारलं अगं मग पुण्याचं पण रद्दच झालं की. परत दोन्हीकडे करून घेतलं, आता दोन्हीत साफ लिहिलंय की हे फक्त त्या त्या देशातल्या मालमत्तेपुरतं.

म्हापसेकर
गोंयचे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. वरचं बहुतेक सगळं आमच्याकडे लागू नाही. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आणि त्यावर २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा. लग्नानंतर सहसा सगळं दोघांचं अर्धं अर्धं, आणि मुलं किंवा आईवडील असले तर तुमच्या हिश्शातलाही निम्मा भाग त्यांचाच, मृत्युपत्राने तो कोणाला देता येत नाही. साध्या कागदावर दोन साक्षीदार घेऊनही भागत नाही, स्पेशल नोटरीसमोरच करावं लागतं. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोंयकाराचा मुंबईतला फ्लॅट असला तरी त्यालाही हाच कायदा. माझ्या सासऱ्यांनी मुंबईच्या वकिलाकडून करून घेतलं होतं, वाया गेलं.

चिंचेचं_झाड
सगळ्यांचे आभार, डोकं भणभणलंय पण बरं वाटतंय. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो सोपं आहे, तू सगळं मला लिही, मी सगळं तुला, जो मागे राहील तो बहिणीला देईल. पुरे ना एवढं?

काळा_कोट
नाही पुरत, आणि ९० टक्के छापील मसुदे इथेच मार खातात (टक्का माझा अंदाज बरं का, मोजलेलं नाही). तुम्ही आधी गेलात आणि फ्लॅट पूर्णपणे मिस्टरांना लिहिलाय. तो आता त्यांचा. त्यानंतर ते आजारी पडले, विसरभोळे झाले, मृत्युपत्र करायचं राहिलं किंवा पुतण्याने येऊन सेवा केली आणि नवीन करून घेतलं, तर तुमच्या बहिणीला काहीही नाही. त्यांची नियत वाईट असायची गरज नाही.

म्हणून विचारा स्वतःला, त्यांना फ्लॅट विकायची मुभा द्यायचीय का फक्त राहायची. फक्त राहायची असेल तर 'हयातीपर्यंत राहण्याचा व उपभोगाचा हक्क, त्यांच्या पश्चात मालकी बहिणीची' असं लिहितात. मग ते विकू शकत नाहीत. पण त्यांना उद्या दवाखान्यासाठी पैसे लागले तर? ते तुमच्या एफडीतून जमेल का? हे गणित दोघांनी बसून करायचं आहे, वकील ते तुमच्यासाठी करू शकत नाही. शिवाय बहीण आधी गेली तर कोणाला, भाचीला का, तेही लिहा. आणि शेवटी 'उर्वरित सर्व मालमत्ता' असं एक कलम पाहिजेच, नाहीतर उद्या घेतलेली एफडी उघड्यावर पडते.

दुपारचा_चहा
हे मला माहीतच नव्हतं. आमचं केलेलं पण परत उघडून बघायला लागणार.

एसटीचं_तिकीट
कोट साहेब, बक्षीसपत्र का नको? आमच्या गावात सगळे तेच करतात, जिवंतपणीच देऊन टाकायचं, झंझट नको.

निवृत्त_लिपिक
नवराबायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक नाममात्र आहे म्हणून लोक धावतात. बहीण त्या सवलतीत येत नाही. आणि मृत्युपत्र दहा वेळा बदलता येतं, शेवटचं धरतात. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की गेलं. म्हातारपणी सांभाळायच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली रद्द करून मागता येतं, पण त्या वयात प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढणारे आईबाप मी पाहिलेत, नको ते.

चिंचेचं_झाड
आणि मुखत्यारपत्र? दीर एकदा म्हणाले होते गावच्या जमिनीचं कुलमुखत्यारपत्र दे म्हणजे मी बघतो सगळं.

काळा_कोट
देऊ नका. म्हणजे दिराला म्हणून नाही, विचार न करता कोणालाच देऊ नका. आणि लोकांना वाटतं मुखत्यारपत्र आहे तर मेल्यावर पण चालेल, ते माणसाबरोबरच संपतं. अमेरिकेत शुद्ध हरपल्यावरही चालू राहणारं असतं तसं आपल्याकडे नाही, इथे माणसाची समज गेली की तेही लंगडं. त्यासाठी बँकेतली खाती दोघांच्या नावावर 'कोणीही एक किंवा हयात' पद्धतीने ठेवा, निदान रोजचा खर्च अडत नाही.

जमिनीचं आधी सातबाऱ्याचं करा. आजेसासऱ्यांचे सगळे वारस लागले पाहिजेत, ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज होतो, पूर्वीचे तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, ते नोंद धरतात, नोटीस निघते, हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. मिस्टर त्यांच्या वाट्याचा हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकतात, वडिलोपार्जित असला तरी. पण नोंदच नसेल तर मागे राहिलेल्याला तीन पिढ्यांचे दाखले गोळा करत फिरावं लागतं. आणि या कामाला पुण्याचा वकील नको, वाईचा किंवा साताऱ्याचा धरा, जो त्या तहसीलमध्ये रोज असतो.

चिंचेचं_झाड
मूळ प्रश्न राहिलाच की. पुण्यातला धरायचा कसा? परत चिरंजीव नकोत मला.

निवृत्त_लिपिक
वकिलांना जाहिरात करायला बंदी असते, त्यामुळे नेटवर जे वर दिसतं त्यात दलाल बरेच. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर सकाळी जाऊन बसा तासभर. कोण एजंट आहे आणि कोण स्वतः पक्षकाराला शेजारी बसवून कागद वाचून दाखवतोय हे तिथे बाकावर बसल्या बसल्या कळतं.

काळा_कोट
काका म्हणतात ते मस्त आहे. मी अजून सांगतो, विचारायचं की तुम्ही केलेलं मृत्युपत्र कधी कोर्टात शाबीत करायची वेळ आली का. ज्याने भांडण पाहिलंय तो मसुदा वेगळा लिहितो. बँकेच्या पॅनेलवरचे वकील टायटल सर्चमध्ये, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासण्यात, पक्के असतात पण वारशाच्या कामात प्रत्येक जण असेलच असं नाही. फी किमतीच्या टक्क्यात मागितली तर उठा, हे ठरीव रकमेचं काम आहे. पहिल्या भेटीत त्याने तुम्हाला किती प्रश्न विचारले ते मोजा, कुटुंबाचा वंशवेल कागदावर काढला का बघा. दिराच्या ओळखीचा नको. सनद (वकिलीचा परवाना) नंबर विचारायला लाजू नका, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची असते.

आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी, शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्नाची अट नाही, १५१०० ला फोन करून विचारता येतं.

दुपारचा_चहा
प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेण्याचं, कोणी बोललं नाही. माझ्या नणंदेला दादरच्या फ्लॅटसाठी करायला लागलं, दीड वर्ष गेलं.

काळा_कोट
मुंबईत सक्तीचं होतं, त्याच १९२५ च्या कायद्याचं कलम २१३. पुण्यातल्या मालमत्तेचं पुण्यात केलेलं असेल तर तशी सक्ती नव्हतीच. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ते कलमच काढून टाकलं. तरी भांडण असेल तर घेतलेलं बरं, आणि काही सोसायट्यांचे सेक्रेटरी अजून जुन्याच जमान्यात आहेत, त्यांना समजवायला वेळ लागणार.

चिंचेचं_झाड
(अडीच महिन्यांनी)
धागा वर काढतेय, कोणी शिव्या देऊ नका. झालं आमचं!

तीन वकिलांना भेटलो. पहिल्याने टक्का मागितला, उठलो. दुसरे ठीक होते पण सारखा फोन. तिसऱ्या एक बाई, शिवाजीनगर कोर्टात असतात, त्यांनी पहिला पाऊण तास नुसतं विचारलं, कोण कोण आहे, कोणाशी बोलता, कोणाशी नाही, आणि वहीत झाड काढलं आमचं. मग मला बाहेर बसवून नवऱ्याला एकट्याला विचारलं, नंतर मला एकटीला. म्हणाल्या दोघांचं मत एक आहे का ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. दोघांचे मिळून पंधरा हजार, आधी सांगितलेले तेवढेच घेतले.

हयातीपर्यंतच्या कलमावर आमचं घरी कडाक्याचं भांडण झालं हे कबूल करते. नवरा म्हणाला माझ्यावर विश्वास नाही तुझा. चार दिवस अबोला. मग त्यालाच वाटलं की फ्लॅट विकून तरी तो एकटा जाणार कुठे, आणि मी माझ्या एफडी आणि फंड सगळे त्याच्या नावाने पूर्ण केले, औषधपाण्याला. फ्लॅट त्याच्या हयातीपर्यंत, पुढे बहीण, ती नसेल तर भाची. त्याचं सगळं मला, मी नसले तर निम्मं पुतणीला, कारण ती फोन करते, बापाला न सांगता.

साक्षीदार म्हणून शेजारचा ३४ वर्षांचा मुलगा आणि माझी ऑफिसमधली कलीग. डॉक्टरांचं तब्येतीचं आणि समज ठीक असल्याचं सर्टिफिकेट त्याच तारखेचं लावलं, बाई म्हणाल्या वय कमी असलं तरी लावा. नोंदणीला हवेली तालुक्याच्या एका ऑफिसात सकाळी साडेदहाला गेलो, सर्व्हर बंद, चार वाजता नंबर लागला. बाकावर शेजारी एक आजोबा होते, त्यांचा मुलगा त्यांना काय बोलायचं ते पढवत होता. आत गेल्यावर अधिकाऱ्यांनी मुलाला बाहेर काढलं. आजोबा बाहेर आले ते सही न करताच.

वाईची वारस नोंद अजून अडकली आहे, दिरांनी हरकत घेतलीय. पण बोलायला तरी लागले, हरकतीच्या निमित्ताने.

निवृत्त_लिपिक
अभिनंदन. मूळ प्रत कुठे ठेवलीत? एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवली असेल तर आजच काढा, लॉकर उघडायला कागद लागतो आणि कागद लॉकरमध्ये, असं होतं मग.

चिंचेचं_झाड
अय्या. लॉकरमध्येच आहे हो. उद्या काढते. 🙈

दुपारचा_चहा
ताई त्या वकीलबाईंचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

चिंचेचं_झाड
केलाय.

एसटीचं_तिकीट
मलाही. खरं तर बायकोला करा, तिचं आधी आहे.